रॅप करता करता लेबल काढलं: पुण्यातला अनुभव, कागदपत्रांसकट

गेल्या काही महिन्यांत इन्स्टावर वेगवेगळ्या पोरापोरींनी मला एकच गोष्ट विचारलीय. स्वतःचं म्युझिक लेबल, म्हणजे गाणी काढणारी आणि त्यांचे हक्क सांभाळणारी कंपनी काढायची तर सुरुवात कुठून करायची, वकील लागतो का, खर्च किती येतो? प्रत्येकाला व्हॉइस नोट पाठवून घसा बसायला आला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी सीए नाही, वकील तर अजिबातच नाही. जे केलं ते क्रमाने सांगतो. लेबल छोटं आहे, अजून फायद्यात नाही आणि त्याचं नाव मी मुद्दामच देत नाहीये, नाहीतर हे सगळं जाहिरातीसारखं वाचलं जाईल.

थोडं मागचं. २०१४ला अकरावीत होतो, दांडेकर पुलाजवळ राहायचो. संध्याकाळी झेड ब्रिजवर चार-पाच जण जमायचे, एकाच्या मोबाइलवर बीट, म्हणजे नुसतं संगीत लागायचं आणि बाकीचे आळीपाळीने व्हर्स, म्हणजे रॅपच्या ओळी मारायचे. शेजारी बसलेली जोडपी वैतागून उठून जायची. पहिलं रेकॉर्डिंग २०१७ला, घरी, कपाटाचं दार उघडून. दोन्ही बाजूंना गोधड्या टांगलेल्या आणि मागे आईच्या ठेवणीतल्या साड्या. आवाज शोषून घ्यायला ठेवणीतल्या साड्यांसारखं काही नाही, हे आजही मानतो. तेव्हा मराठीत रॅप म्हटलं की लोकांना पुण्याचा किंग जेडी, म्हणजे श्रेयश जाधव आठवायचा, आणि त्यानंतर थेट शांतता. मग ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन मोठा झाला. फेब्रुवारी २०२३मध्ये तो बिग बॉसचा सोळावा सीझन जिंकला आणि माझ्या घरचा प्रश्न एका रात्रीत बदलला. आधी मामा विचारायचे, ‘हे किती दिवस?’ आता विचारायला लागले, ‘तुझा नंबर कधी?’

त्या काळात कमाई म्हणजे कॉलेजचे फेस्ट आणि गणपती मंडळांचे कार्यक्रम. तीन हजार, पाच हजार, क्वचित आठ. गाणी स्पॉटिफाय-जिओसावनवर होती, पण ती चढवली होती एका मित्राच्या डिस्ट्रिब्युटर (गाणी ॲप्सवर पोचवणारी कंपनी) खात्यातून, कारण क्रेडिट कार्ड फक्त त्याच्याकडे होतं. २०२३च्या शेवटी तो एमएस करायला जर्मनीला गेला. माणूस सोन्यासारखा, दर महिन्याला हिशोब पाठवायचा. पण खातं त्याचं, ईमेल त्याचा, बँक त्याची.

एप्रिल २०२४मध्ये एका जाहिरातवाल्यांनी आमच्या एका गाण्याचे वीस सेकंद मागितले. बोलणं नीट चाललं होतं. मग त्यांच्या बाईंनी साधेपणाने विचारलं, ‘मास्टर कुणाच्या नावावर आहे? कागद पाठवाल?’ मास्टर म्हणजे गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग. मी, बीटमेकर आणि हूक, म्हणजे गाण्यात परत परत येणारी ओळ गाणारी मैत्रीण, तिघं एकमेकांकडे बघत बसलो. गाणं आमचंच होतं, पण त्यातलं कुणाचं किती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आठवडाभर वाट बघून त्यांनी दुसरं गाणं घेतलं. लेबल काढायचं ठरलं ते इथे.

ही वाट काही मी शोधलेली नाही. अमेरिकन रॅपर जे-झीला घ्यायला मोठ्या कंपन्या तयार नव्हत्या, तेव्हा त्याने १९९५च्या सुमारास डेमन डॅश आणि करीम बर्क या दोघांना घेऊन रॉक-अ-फेला ही कंपनी काढली आणि सुरुवातीचा माल गाडीच्या डिकीतून विकला. तिथल्याच रॅपर निप्सी हसलने २०१३मध्ये आपल्या मिक्सटेपच्या, म्हणजे गाण्यांच्या संचाच्या एक हजार सीडी काढल्या, एकेक शंभर डॉलरला, आणि तीच मिक्सटेप इंटरनेटवर फुकटही ठेवली. त्यातल्या शंभर सीडी जे-झीनेच घेतल्या. आपल्याकडे मुंबईच्या रॅपर डिव्हाइनने २०१९मध्ये गली गँग ही कंपनी उभी केली. मला या लोकांच्या श्रीमंतीपेक्षा एवढंच महत्त्वाचं वाटतं की त्यांनी गाण्याचा मालकीहक्क फार लवकर मनावर घेतला.

जून २०२४मध्ये सदाशिव पेठेतल्या एका सीए मॅडमकडे गेलो. माझ्या डोक्यात थेट प्रायव्हेट लिमिटेड होती, कारण लेटरहेडवर ‘प्रा. लि.’ भारी दिसतं. मॅडमनी विचारलं, ‘वर्षाला किती येतात?’ मी खरा आकडा सांगितला. त्यांनी चष्मा काढला. मग समजावलं, की एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी काढली तरी उत्पन्न शून्य असो वा लाख, दरवर्षी ३० मेपर्यंत फॉर्म ११ आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८ भरावाच लागतो. चुकलं की लेट फी चढत जाते. प्रायव्हेट लिमिटेडला तर ऑडिटही आलं. ‘आधी प्रोप्रायटरशिप करा, म्हणजे एकट्याच्या नावावरचा धंदा. पैसे दिसायला लागले की कंपनी काढू, ती कुठे पळून जात नाही.’ सल्ल्याचे त्यांनी हजार रुपये घेतले. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात सत्कारणी लागलेले हजार रुपये तेच.

जुलैमध्ये शॉप ॲक्ट, म्हणजे दुकान-व्यवसायाची सरकारी नोंद. तेव्हा दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर २०१७च्या कायद्याप्रमाणे परवाना लागत नव्हता, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. धंदा सुरू केल्यापासून साठ दिवसांत. सरकारी फी नावापुरती. सायबर कॅफेवाले याचेच दीड-दोन हजार मागतात, तेव्हा आधी स्वतः प्रयत्न करून बघा. कागद साधे: आधार, पॅन, फोटो, जागेचा पुरावा. आमचं घर आता धायरीला आहे आणि लाइट बिल बाबांच्या नावावर, म्हणून त्यांचं संमतिपत्र जोडलं. बाबांनी ते सही करण्याआधी दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘म्हणजे आता तू माझा भाडेकरू?’

गंमत फोटोची. जागेचा पाटीसकट फोटो लागतो आणि पाटी मराठीत, देवनागरीत हवी. माझा ‘स्टुडिओ’ म्हणजे दहा बाय नऊची खोली, दाराला आतून फोम आणि बाहेरून शुभ-लाभ. टिळक रोडजवळच्या फ्लेक्सवाल्याकडून दोन फुटांची पाटी करून घेतली, अडीचशे रुपये. त्याने विचारलं, ‘खाली प्रोप्रायटरचा फोटो टाकू? वाढदिवसाला पण वापरता येईल.’ पाटी दारावर चिकटवली, फोटो काढला, तेवढ्यात समोरच्या काकू विचारायला आल्या की क्लास सुरू केलाय का, त्यांच्या नातवाला पाठवायचं होतं. सोसायटीत राहत असाल तर सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा. पाटी दिसली की प्रश्न येणारच.

पाठोपाठ उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ती पूर्ण फुकट आहे, आधारवर होते, एकही कागद अपलोड करावा लागत नाही. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या साइट्स बऱ्याच आहेत, तेव्हा पत्त्यात शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते बघून मगच आधार नंबर टाका. तिथे व्यवसायाचा एनआयसी कोड विचारतात. मी अर्धा तास ‘मनोरंजन’मध्ये शोधत होतो. आपला कोड ५९२०मध्ये आहे, साउंड रेकॉर्डिंग आणि म्युझिक पब्लिशिंग.

हे दोन कागद हातात आल्यावर ऑगस्टमध्ये करंट अकाउंट. बँका प्रोप्रायटरशिपला व्यवसायाचे दोन पुरावे मागतात, शॉप ॲक्ट आणि उद्यम मिळून ते काम झालं. किमान शिल्लक किती ठेवावी लागते, हे खातं उघडण्याआधी विचारा. मी तीन ठिकाणी विचारलं आणि आकडे दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत वेगवेगळे होते. बँकेचा माणूस जागा बघायला घरी आला, फोम लावलेली खोली बघून म्हणाला, ‘इथे झोप मस्त लागत असेल.’ लागते.

मग आले गणपती. २०२४ला ७ सप्टेंबरला बसले आणि १७ला विसर्जन. या काळात पुण्यात कुणाकडून कागद हलवून घ्यायची अपेक्षा ठेवू नये. मी स्वतःही मंडळांचे कार्यक्रम करण्यात होतो, त्यातून जे मिळालं त्याच्यावरच पुढचा खर्च निघाला.

ऑक्टोबरमध्ये अवघड भाग सुरू झाला, आणि त्याचा सरकारशी काही संबंध नव्हता. आमची जुनी बारा गाणी होती. त्यातल्या सात गाण्यांच्या बीट्स आमच्या बीटमेकरच्या, तीन नेटवरून लीजवर घेतलेल्या, आणि दोन बीट्स कुणाच्या हे कुणालाच सांगता येईना. ती दोन गाणी काढून टाकली. एक लोकांना आवडायचं, त्याचं वाईट वाटलं. पण ज्याची बीट त्याचा पत्ता नाही, असं गाणं लेबलच्या नावावर चढवणं म्हणजे दुसऱ्याच्या प्लॉटवर घर बांधणं.

राहिलेल्या गाण्यांचे वाटे ठरवायचे होते. इथे थोडा कायदा समजून घ्या, कारण सगळे भांडणाचे मुद्दे इथेच आहेत. एका गाण्यात तीन वेगळ्या मालमत्ता असतात: शब्द, संगीत आणि रेकॉर्डिंग. शब्द लिहिणाऱ्याचे, संगीत बीट करणाऱ्याचं, आणि रेकॉर्डिंग त्याचं ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करवलं. शब्द-संगीताचा हक्क आयुष्यभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं, रेकॉर्डिंगचा प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं. आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही, तुम्ही आनंदाने सही केली तरी. गायकांनाही त्याच दुरुस्तीने रॉयल्टीचा हक्क मिळाला. म्हणजे ‘एकरकमी घे आणि विसर’ हा आपल्याकडचा लाडका करार बऱ्याच अंशी पोकळ आहे.

बीटमेकरला सिंहगड रोडच्या अमृततुल्यमध्ये गाठलं. दोन कटिंग, एक क्रीमरोल. मी फाइलमधून कागद काढला तर त्याचा चेहराच पडला.

‘भावा, तू माझ्याकडून सही घेणार? दहा वर्षं झाली आपल्याला.’

‘उद्या तू पण जर्मनीला गेलास तर?’

‘मी कुठला जातोय, माझ्याकडे पासपोर्ट पण नाही.’

तो हसला, पण सही केली नाही. कागद घडी करून खिशात घातला आणि घरी घेऊन गेला. पुढचे काही दिवस ना फोन ना मेसेज. मला वाटलं संपलं, लेबलही आणि दोस्तीही. त्या दिवसांत मी एकही ओळ लिहिली नाही. बारा वेळा मेसेज टाइप करायचो आणि खोडायचो.

मग त्याच्या वडिलांचा फोन. काका तहसील कचेरीतून निवृत्त झालेत. म्हणाले, ‘रविवारी ये, कागद बघितलाय मी.’ गेलो तर डायनिंग टेबलवर माझा कागद, वर काकांचा चष्मा आणि बाजूला लाल पेन. मनाशी म्हटलं, आता शाळा होणार. काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘यात मुदत कुठाय?’ मी गप्प. ‘आणि प्रदेश? फक्त भारत की सगळीकडे?’ माझ्या मावसभावाने, तो शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो, नंतर सांगितलं की काकांनी नेमकी नस पकडली होती. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९प्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि वेगळं काही ठरवलं नसेल, तर घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो आपोआप संपतो. काकांना यातलं एकही कलम माहीत नव्हतं. त्यांनी आयुष्यभर सातबारे बघितले होते, बस.

काकूंनी पोहे आणले आणि मग खरी बोलणी झाली. रेकॉर्डिंगच्या उत्पन्नात मला पन्नास, बीटमेकरला पस्तीस, हूकवालीला पंधरा. तिचा आवाज नसेल त्या गाण्यांत तिचा वाटा आम्हा दोघांत निम्मा-निम्मा. शब्द माझे, संगीत त्याचं. मुदत दहा वर्षं, प्रदेश जगभर. लेबलचा खर्च आधी वळता होणार, पण कुठला खर्च? काकांनी लाल पेनाने ‘खर्च’ या शब्दाला गोल केला आणि म्हणाले, ‘याची यादी कर. चहापाणी धरणार का?’ मिक्सिंग-मास्टरिंग, कव्हर आणि डिस्ट्रिब्युटरची फी, एवढंच धरायचं ठरलं. चहापाणी ज्याचं त्याने. बीटमेकर या सगळ्यात जवळजवळ काहीच बोलला नाही. निघताना जिन्यात म्हणाला, ‘मला राग सहीचा नव्हता आला. तू वकिलाकडून छापून आणलंस आणि मग मला दाखवलंस.’ त्यामुळे तुम्हाला सांगतो, मसुदा घेऊन जाऊ नका. कोरा कागद घेऊन जा आणि समोर बसून लिहा, छापायचं नंतर.

हूकवालीचं काम सोपं झालं. ती शास्त्रीय शिकलेली, तिला पैशांपेक्षा दोन अटी महत्त्वाच्या वाटल्या: क्रेडिटमध्ये नावाचं स्पेलिंग ती देईल तसंच, आणि तिला विचारल्याशिवाय गाणं दारू-गुटख्याच्या जाहिरातीला द्यायचं नाही. दोन्ही करारात घातल्या. दुसरी मला स्वतःलाही सुचायला हवी अशीच होती.

स्टँप पेपर घ्यायला गेलो तेव्हा ऑक्टोबरचा मध्य उलटला होता. शंभरचा मागितला तर विक्रेता म्हणाला, ‘आता पाचशेच.’ नियम नुकताच बदलला होता. दोन करार, दोन स्टँप, हजार रुपये गेले. टायपिंग वेगळं, मावसभावाची फी म्हणजे एक थाळी. प्रत्येक पानावर तिघांच्या सह्या घ्या आणि स्कॅन करून तिघांच्या ईमेलवर टाका. लीजच्या तीन बीट्सचं वेगळं: लीजमध्ये किती स्ट्रीमपर्यंत परवानगी आहे ते बघा आणि अशा गाण्यांना यूट्यूबचं कंटेंट आयडी (आपला आवाज दुसऱ्याच्या व्हिडिओत सापडला की आपोआप क्लेम टाकणारी सोय) लावू नका. तीच बीट आणखी पन्नास जणांनी घेतलेली असते, तुमचा क्लेम त्यांच्या गाण्यांवर पडतो आणि मग शिव्या मराठीत येत नाहीत.

दिवाळीनंतर ट्रेडमार्क, म्हणजे लेबलच्या नावाची नोंदणी. व्यक्ती म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये, मोठ्या कंपनीला तेच ९,०००. संगीतासाठी साधारण वर्ग ९ आणि ४१ घेतात, म्हणजे माझे ९,००० तिथेच गेले. एजंटचे तीन हजार वेगळे. नाव आधीपासून वापरतोय असं सांगायचं असेल तर तसं प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात. २०१७पासूनचे पोस्टर, कॉलेजच्या फेस्टची पत्रकं, अपलोडच्या तारखांचे स्क्रीनशॉट हे सगळं आईने एका साडीच्या खोक्यात ठेवलेलं होतं, का ते तिलाही सांगता आलं नाही. काही महिन्यांनी स्टेटस ‘ऑब्जेक्टेड’, म्हणजे कार्यालयाची हरकत, असं झालं आणि माझं धाबं दणाणलं. बऱ्याच अर्जांना असं होतं. तपासणी अहवाल आल्यापासून तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, ती तारीख मात्र चुकवू नका. त्यानंतर जर्नलमध्ये छापून येतं, मग चार महिने कुणालाही हरकत घेता येते. माझं अजून त्याच रांगेत आहे.

कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, गाणं तयार झालं की हक्क आपोआप असतो. पण पुरावा म्हणून बरी पडते. शब्दांचे ५०० आणि रेकॉर्डिंगचे २,००० रुपये. डायरी नंबर मिळतो, मग हरकतींसाठी तीस दिवस थांबावंच लागतं. सगळ्या गाण्यांची केली असती तर दिवाळं निघालं असतं, म्हणून ज्या दोन गाण्यांना मागणी आहे तेवढ्यांचीच केली.

आता जीएसटी, ज्याबद्दल कुणी सांगत नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे म्हणजे सुटलो, असं सगळे धरून चालतात. जानेवारी २०२५मध्ये करार बघून सीए मॅडम म्हणाल्या, ‘थांबा.’ संगीतकार जेव्हा आपला हक्क म्युझिक कंपनीला वापरायला देतो, तेव्हा त्यावरचा कर संगीतकार नाही, कंपनी भरते, रिव्हर्स चार्जखाली. आणि रिव्हर्स चार्ज भरायचा असेल तर वीस लाखांची मर्यादा लागू होत नाही, नोंदणी करावीच लागते. आमची ‘कंपनी’ म्हणजे धायरीतली खोली, पण नियमाला खोलीचं माप दिसत नाही. नोंदणीची सरकारी फी नाही, मॅडमचे दोन हजार झाले, नंतर रिटर्नचे दरवेळी वेगळे. नोंदणी केली की काही उलाढाल नसली तरी रिटर्न भरावा लागतो आणि शून्याच्या रिटर्नला उशीर झाला तरी दिवसाला वीस रुपये लेट फी. तुमचं प्रकरण वेगळं असू शकतं, तेव्हा करार सीएला दाखवा, नुसतं तोंडी विचारू नका.

त्याच महिन्यात गाणी जर्मनीवाल्या मित्राच्या खात्यातून आमच्या खात्यात आणली. इथे घाई करायची नाही. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरी कोड असतो, तो जुनाच वापरायचा. ऑडिओ फाइल तीच, नाव, कलाकारांची नावं, सगळं अक्षर न् अक्षर तसंच. नवीन नोंद दिसायला लागली आणि स्ट्रीमचा आकडा जुळला की मगच जुनी काढायला सांगायचं. कोड बदलला तर इतक्या वर्षांचे आकडे शून्यावरून सुरू. मित्र रात्री अकराला, त्याच्या संध्याकाळी, व्हिडिओ कॉलवर बसायचा आणि आम्ही एकेक गाणं तपासायचो. मध्येच त्याच्या खोलीतला हीटर आणि माझ्याकडचं कुत्र्याचं भुंकणं. आवाजाने जगणारी माणसं आम्ही.

डिस्ट्रिब्युटर परदेशी असेल तर डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म नीट भरा, पॅन नंबरासकट. यूट्यूबचंही तसंच आहे: फॉर्म दिला नाही तर एकूण कमाईतून चोवीस टक्क्यांपर्यंत कर कापू शकतात, दिला तर भारत-अमेरिका कर-करारामुळे पंधरा, तोही फक्त अमेरिकेतल्या कमाईवर. आणि स्पॉटिफायवर २०२४पासून गाण्याला मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम नसतील तर रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. आमची तीन गाणी त्या हजारच्या खाली आहेत. ती यादीत आहेत, हिशोबात नाहीत.

फेब्रुवारीत मी आणि बीटमेकर आयपीआरएसचे सभासद झालो. ही १९६९ची संस्था, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते. तुमचं गाणं रेडिओ, हॉटेल, कार्यक्रम, ॲप, कुठेही वाजलं तर शब्द-संगीताचे पैसे या वाटेने येतात, डिस्ट्रिब्युटरकडून येणारे रेकॉर्डिंगचे पैसे वेगळे. अनेक रॅपर फक्त दुसरे घेतात आणि पहिले तसेच पडून राहतात. अर्ज ऑनलाइन, कागद नेहमीचेच. सभासद झाल्यावर गाण्यांची नोंद तुम्हालाच करायची असते आणि तिथे वाटे भरताना आमचा लाल पेनवाला कागद समोर होता, म्हणून सगळी गाणी एका बैठकीत झाली.

मार्चमध्ये लेबलचं पहिलं नवं गाणं आलं. शंभर-सव्वाशे लोकांचा छोटा कार्यक्रम केला. पोलीस चौकीत अर्ज, स्पीकरची परवानगी आणि दहा म्हणजे दहा, नऊ एकोणसाठला शेवटची ओळ. आमच्या आधी डीजे दुसऱ्यांची गाणी वाजवणार होता, त्याचं लायसन्स हॉलवाल्यांकडे आहे का हे विचारलं तेव्हा हॉलचे मॅनेजर म्हणाले, ‘आजवर कुठल्या रॅपरने हे विचारलं नव्हतं.’ नव्या गाण्यासाठी एक सांगतो: स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी रिलीजच्या निदान सात दिवस आधी पिच करावं, म्हणजे गाणं सुचवावं लागतं, पण डिस्ट्रिब्युटरलाही वेळ लागतो, म्हणून महिनाभर आधीच गाणं चढवा. आमची निवड झाली नाही. पुढच्या वेळी बघू.

सगळा खर्च धरला तर तीसेक हजार गेले, बँकेत अडकवलेली शिल्लक सोडून. रॉयल्टीचा पहिला तिमाही हिशोब जूनमध्ये केला. हूकवालीच्या वाट्याला सहाशे अठरा रुपये आले. पाठवले, तर तिने उलट विचारलं, ‘स्टेटमेंट कुठंय?’ आता दर तिमाहीला एक शीट तिघांना जाते, पैसे नंतर.

सध्या एका नव्या पोराशी बोलणी चालू आहेत. हडपसरचा, एकोणीस वर्षांचा, लिहितो असा की मला माझ्या जुन्या वह्या बंद कराव्याशा वाटतात. यावेळी कोरा कागद घेऊन गेलो. दोन गाणी, तीन वर्षं, ॲडव्हान्स पंधरा हजार, पुढच्या गाण्यांवर आमचा कसलाही हक्क नाही, एवढं तिथेच लिहिलं. टाइप करून दिलं आणि सांगितलं, माझ्या ओळखीचा नसलेला कुणीतरी वकील गाठ आणि त्याला दाखव. परवा तो परत आला, कागदावर पेन्सिलच्या दोन खुणा करून. पहिली खूण, व्हिडिओचा खर्च त्याच्या वाट्यातून वळता करण्याच्या अटीवर. ती अट मी लगेच काढून टाकली. दुसरी, तीन वर्षांनंतर रेकॉर्डिंग त्याच्या नावावर करून देण्याच्या मागणीची. त्याचं म्हणणं मला कळतं, त्याच्या वयात मीही हेच मागितलं असतं. पण मिक्सिंगचे पैसे तीन वर्षांत निघतील की नाही, हा हिशोब आता माझ्या वहीत आहे. पाच वर्षांवर तोड निघेल असं वाटतंय. शनिवारी बसतोय, आणि त्याचे वडीलही येणार आहेत.